परजीवी माइटचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

माइटवर काम सुरू करणारा विद्यार्थी आधी सूक्ष्मदर्शकाकडे वळतो, आणि वळायलाच हवं. पण एखाद्या मिलिमीटरच्या या जिवात बाहेरून मोजण्यासारख्या खुणा थोड्या. त्यात यजमानाच्या अंगावर बस्तान बसलं की पाय आखूड होतात, शरीर चपटं किंवा गोल होतं, आणि एकमेकांशी जवळचं नातं नसलेले माइटही सारखे दिसायला लागतात. मग डीएनएकडे जावंच लागतं. त्यात सगळ्यात आधी हाताला लागतो तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेचा डीएनए. एका पेशीत त्याच्या ढीगभर प्रती असतात, त्यामुळे एकुलत्या एका माइटमधूनही तो मिळवता येतो.

प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा कृषी कीटकशास्त्र शिकणाऱ्या, पण जीनोम कधी उघडून न पाहिलेल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असेल तर प्रयोगशाळेत पाऊल न टाकताही यातलं बरंच काही करता येतं.

एक ताकीद मात्र आधीच. संगणकानं ‘हे जनुक सापडलं नाही’ असं सांगितलं, तर माइटच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘ते जनुक नाहीच’ असा घ्यायचा नाही. या क्षेत्रात भलीभली मंडळी इथेच ठेचकाळली आहेत. त्यामुळे सहाव्या पायरीवर मी जरा जास्तच वेळ घालवणार आहे.

कामापुरती ओळख

बहुतेक प्राण्यांचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम म्हणजे डीएनएचं एक कडं. त्यावर ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टी-आरएनएची, २ आर-आरएनएची. शिवाय एक नियंत्रण क्षेत्र, ज्यात जनुक नसतं पण प्रत काढण्याची सुरुवात तिथून होते. हा वारसा साधारणपणे आईकडूनच येतो.

माइट आणि गोचीड मिळून जो मोठा गट होतो त्याच्या दोन शाखा आहेत. पॅरासिटिफॉर्मिस या शाखेत गोचीड, मधमाशीवरचा व्हरोआ आणि शेतात कीड खाणारे फायटोसीड माइट येतात. अ‍ॅकॅरिफॉर्मिसमध्ये खरजेचा माइट, घरातल्या धुळीतले माइट, पिकावरचा लाल कोळी आणि स्क्रब टायफस पसरवणारे चिगर. या दोन शाखा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत की नाहीत यावर अजून भांडण आहे. तुमच्या पहिल्या प्रकल्पानं ते मिटणार नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

कामाच्या दृष्टीनं दोघींतला फरक असा: अ‍ॅकॅरिफॉर्मिसच्या परजीवींचे जीनोम बहुधा आटोपशीर असतात, चौदा हजार अक्षरांच्या आसपास, आणि त्यांचे टी-आरएनए इतके तोकडे की ओळखू येत नाहीत. व्हरोआचा जीनोम साडेसोळा हजारांच्या जवळ जातो आणि वाचायला तुलनेनं सरळ आहे. म्हणून पहिला जीनोम व्हरोआचा घ्या, असं माझं मत आहे. खरजेच्या माइटचं आकर्षण अनेकांना असतं, पण तिथे रुग्णाची संमती, नैतिक समितीची परवानगी आणि त्वचेच्या खरवडीतला माणसाचा डीएनए अशी तीन लफडी एकदम गळ्यात पडतात.

पायरी १: प्रश्न ठरवा, मग डीएनए किती लागेल ते ठरवा

अख्खा जीनोम लागतोच असं नाही. ‘हा माइट कोणता’ एवढाच प्रश्न असेल तर सीओआय (कॉक्स-१ हे याचंच दुसरं नाव) या एका जनुकाचा तुकडा पुरतो. याचं उत्तम उदाहरण व्हरोआच आहे.

औडेमान्स यांनी १९०४ मध्ये जावा बेटावरच्या एपिस सेराना मधमाशीवरचा माइट पाहून व्हरोआ जेकबसोनी हे नाव दिलं. एपिस सेराना म्हणजे आपली सातेरी. पुढे हा माइट युरोपीय मेलिफेरा मधमाशीवर गेला आणि जगभर वसाहतीच्या वसाहती बुडवू लागला. इतकी वर्षं सगळे त्याला जेकबसोनीच म्हणत होते. २००० साली अँडरसन आणि ट्रूमन यांनी आशियाभरातून सातेरीवरचे माइट गोळा करून सीओआयचे क्रम ताडून पाहिले, तेव्हा एका नावाखाली १८ वेगवेगळे हॅप्लोटाइप (म्हणजे या क्रमाचे वेगवेगळे प्रकार) दडलेले निघाले. त्यातले मलेशिया-इंडोनेशियाकडचे ९ खरे जेकबसोनी ठरले. आशियाच्या मुख्य भूमीवरच्या ६ हॅप्लोटाइपना व्हरोआ डिस्ट्रक्टर हे नवं नाव मिळालं. फिलिपिन्समधल्या ३ हॅप्लोटाइपचं काय करायचं हे त्यांनी तसंच सोडलं. यात कळीची गोष्ट अशी की मेलिफेरावर जाऊन जगभर उच्छाद मांडणारे फक्त दोनच हॅप्लोटाइप होते, कोरिया आणि जपान-थायलंड. दोन्ही डिस्ट्रक्टरचे. म्हणजे इतकी वर्षं जो माइट बदनाम झाला तो बिचारा त्या गुन्ह्यात नव्हताच. (नंतर २००८ मध्ये पापुआ न्यू गिनीत जेकबसोनीही मेलिफेरावर वाढताना सापडला. तो गुन्हा मात्र त्याचा स्वतःचा.)

या निर्णयात केवळ डीएनए नव्हता, हेही लक्षात घ्या. डिस्ट्रक्टरच्या माद्या आकारानं मोठ्या आणि कमी गोल भरल्या, आणि दोन्हींचा आपसांत प्रजननसंबंध नसल्याचंही दिसलं. सीओआयनं वाट दाखवली, पुरावा तिन्ही बाजूंनी आला.

नातेसंबंधांचा वंशवृक्ष काढायचा असेल तर १३ प्रथिन-जनुकं लागतात. जनुकांची मांडणी कशी बदलली हे पाहायचं असेल तर अख्खं कडं हवं, नियंत्रण क्षेत्रासकट. या तिसऱ्या प्रकारात कष्ट सगळ्यात जास्त, आणि गंमतही.

पायरी २: आधी दुसऱ्याचा जीनोम उघडून बघा

एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावर न्यूक्लिओटाइड विभागात जा आणि रोमन लिपीत व्हरोआ डिस्ट्रक्टर, मायटोकॉन्ड्रियन, कम्प्लीट जीनोम असं शोधा. ज्या नोंदीचा क्रमांक ‘एनसी’नं सुरू होतो ती रेफसेकची, म्हणजे संदर्भासाठी निवडलेली. ती जेनबँक (तिथल्या डीएनए क्रमांच्या भांडाराच्या) स्वरूपात उतरवा. नुसती फास्टा फाइल घेतलीत तर अक्षरांची माळ मिळेल, पण जनुकं कुठे आहेत ते कळणार नाही.

आता फाइल वरून खाली वाचा. प्रत्येक जनुकाची सुरुवात, शेवट आणि दिशा एका साध्या तक्त्यात हातानं उतरवा. काम कंटाळवाणं आहे. पण दोन जनुकांमध्ये चार अक्षरांची फट, दोन जनुकं एकमेकांवर चढलेली, एखादं जनुक उलट्या धाग्यावर, या गोष्टी डोळ्याखालून गेल्या की पुढे सॉफ्टवेअरचा निकाल पाहताना नजर अडखळते. आणि अडखळायलाच हवी.

पायरी ३: तक्ता क्रमांक ५

नवख्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो. मायटोकॉन्ड्रियाची अनुवंशिक भाषा पेशीकेंद्रकापेक्षा थोडी वेगळी आहे. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियासाठी एनसीबीआयचा तक्ता ५ वापरायचा.

फरक किती पडतो ते एका तुकड्यावर पाहा. समजा क्रम आहे एटीए–टीजीए–एजीए. नेहमीच्या तक्त्यानं वाचलं तर आयसोल्युसिन, मग ‘थांबा’. प्रथिन दुसऱ्याच पावलावर खलास. तक्ता ५ नं वाचलं तर मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन, सेरिन; प्रथिन सुखेनैव पुढे जातं. तुमच्या जनुकात दर थोड्या अंतरावर ‘थांबा’ येत असेल तर जनुक मेलं असं समजण्याआधी कुठला तक्ता निवडला आहे ते बघा.

दुसरी खाच जनुकाच्या शेवटाची. बऱ्याच मायटोकॉन्ड्रियल जनुकांच्या टोकाला पूर्ण थांबा-कोडॉन नसतो, नुसता टी किंवा टीए असतो. आरएनए तयार झाल्यावर शेपटीला ए अक्षरं जोडली जातात तेव्हा तो पुरा होतो. हे ठाऊक नसलं की माणूस जनुक पुढच्या टी-आरएनएच्या पोटात ओढत नेतो.

पायरी ४: नमुना

व्हरोआसाठी मधुपालकाशी दोस्ती करा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे; महाबळेश्वरच्या परिसरात मधुपालक बरेच. सगळ्यात सुटसुटीत पद्धत पिठीसाखरेची. पिल्लांच्या फ्रेमवरून अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात आलेली नाही ना, हे आधी दोनदा बघा. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलक्या हातानं फिरवा, थोडं थांबा, मग पांढऱ्या ताटावर झटका. साखरेबरोबर तपकिरी-लाल ठिपके पडतील. भिंगाखाली मादी ओळखायला सोपी, कारण तिची रुंदी लांबीपेक्षा जास्त: जेमतेम १.१ मिलिमीटर लांब आणि १.६ रुंद. माश्या परत पेटीत सोडता येतात. बाकीच्या माश्या साखर चाटून त्यांना साफ करतात.

माइटवरची साखर पाण्यानं धुऊन काढा आणि माइट ९५ टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये ठेवून शीतपेटीत टाका. फॉर्मॅलिन नको, त्यानं डीएनएची वाट लागते. प्रत्येक कुपीत एकाच पेटीचे माइट. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलनं गाव, तारीख, यजमान मधमाशीची प्रजाती. ‘मधमाशी’ एवढंच लिहून चालत नाही. सातेरी की मेलिफेरा, यावरच तर सगळी कथा उभी आहे.

चिगरचं प्रकरण वेगळं. स्क्रब टायफसचे रुग्ण २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात मोठ्या संख्येनं सापडले, तेव्हा आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं. रोगाचा जिवाणू ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, आणि तो पोचवणारे लेप्टोट्रॉम्बिडियम वंशाचे चिगर. भारतात त्यातला लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स महत्त्वाचा. यांची फक्त अळी परजीवी असते. मोठे झालेले माइट मातीत फिरून बारीकसारीक शिकार करतात. अळ्या उंदीर-घुशींच्या कानात नारिंगी झुपक्यानं बसलेल्या मिळतात. पण उंदीर पकडायला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि जिथे चिगर तिथे जिवाणूही असू शकतो. अनुभवी मार्गदर्शकाशिवाय आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय हे करू नका. शिकण्यासाठी जेनबँकेतले क्रम पुरेसे आहेत.

डीएनए काढताना अख्खा माइट चिरडू नका. बारीक सुईनं एक भोक पाडून प्रोटिनेज-के च्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर ठेवला की आतलं विरघळतं आणि बाहेरचं कवच शाबूत राहतं. ते कवच स्लाइडवर चढवून ठेवा. पुढे कुणी प्रजातीच्या ओळखीवर शंका घेतली तर दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

डीएनए सिक्वेन्सिंगसाठी देशाबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर आधी जैवविविधता कायदा, २००२ आणि त्याखालचे नियम मार्गदर्शकाकडून समजून घ्या. देशातही हे काम सहज होतं. उगाच झंझट कशाला.

पायरी ५: तुकडे जोडणं

सिक्वेन्सरमधून साधारण दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे येतात. आधी फास्टक्यूसीनं दर्जा पाहा, फास्टपीनं खराब टोकं छाटा. मग गेटऑर्गेनेल किंवा नोव्होप्लास्टीनं ते जोडा. पहिल्यात प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा पर्याय निवडायचा. दुसऱ्याला बीज म्हणून जवळच्या प्रजातीचा सीओआय द्यायचा. टर्मिनलची भीती वाटत असेल तर गॅलेक्सी या मोफत संकेतस्थळावर यातली बहुतेक साधनं बटणं दाबून चालवता येतात.

निकालात ‘वर्तुळ पूर्ण’ असं आलं की पेढे वाटायची घाई नको. परजीवीच्या पोटात यजमान असतो! व्हरोआच्या नमुन्यात मधमाशीचा डीएनए येणारच. मेलिफेरा मधमाशीचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम १६,३४३ अक्षरांचा आहे, व्हरोआच्या इतका जवळ की लांबी पाहून फसायला होतं. म्हणून जोडलेल्या कड्याचे तीन-चार वेगवेगळे तुकडे ब्लास्टमध्ये (भांडारातले जुळणारे क्रम शोधणाऱ्या साधनात) टाका, एकच नाही. एखाद्या तुकड्याला माशी आणि दुसऱ्याला माइट असं उत्तर आलं तर दोन जीनोम एकमेकांना चिकटले आहेत.

मग मूळ तुकडे त्या कड्यावर परत बसवून प्रत्येक जागी किती थर बसतात ते पाहा. थर साधारण सारखे हवेत. एका भागात अचानक दुप्पट थर दिसले तर तिथे एकसारखे दोन भाग असून संगणकानं ते एकावर एक दाबले असण्याची दाट शक्यता. नियंत्रण क्षेत्रात पुनरावृत्ती असते, तिथे हे हमखास होतं. छोट्या तुकड्यांनी हे सुटत नाही. लांब तुकडे देणारं सिक्वेन्सिंग करा, किंवा त्या भागाच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावून पीसीआरनं खरी लांबी मोजा.

पायरी ६: जनुकांच्या खुणा, आणि ‘गहाळ’ जनुकं

मिटॉस-२ या जनुकं ओळखणाऱ्या साधनात जीनोम टाका, तक्ता ५ निवडा. थोड्या वेळात जनुकांची यादी येईल. व्हरोआसाठी ती बरीचशी बरोबर असेल. अ‍ॅकॅरिफॉर्मिससाठी २२ च्या जागी १३ किंवा १५ टी-आरएनए दिसतील, आणि इथेच नवा माणूस शीर्षक लिहून मोकळा होतो: ‘अमुक माइटमध्ये टी-आरएनए जनुकांचा ऱ्हास’.

त्याआधी ही हकीकत ऐका. मेटासियुलस ऑक्सिडेंटॅलिस हा फायटोसीड कुळातला शिकारी माइट, परजीवी नाही. पण व्हरोआच्याच शाखेतला. २००७ मध्ये त्याचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम प्रसिद्ध झाला. लांबी २४,९६१ अक्षरं, नॅड-३ आणि नॅड-६ ही प्रथिन-जनुकं बेपत्ता, आणि २२ टी-आरएनएंना एक भुजाच नाही. चक्रावून टाकणारा निकाल होता. मग २०१० मध्ये दुसऱ्या गटानं त्याच कुळातल्या फायटोसियुलस पर्सिमिलिसचा जीनोम वाचला. तो निघाला १६,१९९ अक्षरांचा, १३ ची १३ प्रथिन-जनुकं हजर. इतके जवळचे नातेवाईक आणि इतकी तफावत, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी मेटासियुलसकडे पुन्हा मोर्चा वळवला. विकरांनी डीएनए कापून, सदर्न पद्धतीनं (तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या चाचणीनं) तपासून पाहिलं तर जीनोम आधी सांगितल्यापेक्षा लहान दिसला. नॅड-३ नॅड-४एल आणि लहान आर-आरएनए यांच्या मध्ये आरामात बसलेलं सापडलं. आणि २२ पैकी निदान १५ टी-आरएनए नेहमीच्या चारपानी आकारात घडी घालता येतात असं निघालं.

यात कुणाला हसण्यासारखं काही नाही. २००७ ची साधनं तशी होती. पण तेव्हापासून ‘गहाळ’ हा शब्द वाचला की मी आधी पद्धतीचा परिच्छेद उघडतो.

गहाळ टी-आरएनए हातानं शोधायची रीत अशी. आधी तक्त्यात जनुकांमधल्या फटी बघा. चाळीस-पन्नास अक्षरांहून मोठी, कुणाच्याच नावावर नसलेली जागा संशयित. तिच्यात सात अक्षरांचा असा लूप शोधा ज्याची मधली तीन अक्षरं हव्या त्या अँटिकोडॉनची आहेत. त्या तिघांच्या लगेच आधी बहुतेक वेळा टी असतं, लगेच नंतर ए किंवा जी. लूपच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच अक्षरं एकमेकांशी जुळतात का पाहा: ए समोर टी, जी समोर सी; जी-टी ही जोडीही चालते. जुळली तर पुढे-मागे सरकून सात जोड्यांचा टोकाचा दांडा शोधा. डावीउजवीकडची एक भुजा नसून तिथे नुसता वळसा असेल, तर तो माइटच्या टी-आरएनएचा नेहमीचा थाट आहे. टोकाच्या दांड्यात एखाद-दुसरी जोडी बिघडलेली असते, तेवढ्यानं नाउमेद होऊ नका. आर्वेन नावाचं साधन असे तोकडे टी-आरएनए शोधण्यासाठीच आहे. पण ते खोटे उमेदवारही भरपूर देतं, म्हणून हातची तपासणी सुटत नाही.

तरीही शंका राहिली तर जवळच्या दोन-तीन प्रजातींत तीच फट ताडून पाहा. अँटिकोडॉनच्या आसपासची अक्षरं सगळीकडे टिकून असतील आणि बाकीची बदललेली, तर जनुक आहे. आणि कुठेच काही टिकलेलं नसेल, तर तेव्हा कुठे ‘सापडलं नाही’ असं लिहा. ‘नाही’ असं नको.

प्रथिन-जनुकांत सगळ्यात फरारी एटीपी-८. दीडशेच्या आसपास अक्षरं, भराभर बदलणारं, ब्लास्टला न सापडणारं. ते बहुधा एटीपी-६ च्या अगदी आधी असतं, आणि अनेक संधिपादांत त्याच्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच प्रोलिन आणि ग्लुटामिन पाठोपाठ येतात. एवढ्या खुणेवर ते बऱ्याचदा पकडता येतं.

पायरी ७: मांडणीची तुलना

तुलनेचा आधार म्हणून लिम्युलस, म्हणजे हॉर्सशू क्रॅब घेतात. त्याची जनुक-मांडणी संधिपादांच्या पूर्वजासारखी मानली जाते. इक्सोडिस हेक्सॅगोनस या गोचिडाची मांडणी जवळजवळ तीच आहे, तर कुत्र्यावरच्या गोचिडाची, रिपिसिफॅलस सँग्विनियसची, बदललेली. हे १९९८ पासून माहीत आहे. फायटोसियुलसमध्ये मात्र ३५ जनुकांनी जागा बदलली आहे. तेव्हा ‘परजीवी झाला म्हणून जीनोम विस्कटला’ हे सोपं समीकरण जमत नाही. इक्सोडिस गोचीड रक्तपिपासू असूनही मांडणी राखून आहे, आणि स्वतंत्र जगणाऱ्या शिकारी माइटनं सगळं उलटंपालटं केलं आहे.

शिकण्यासारखं सगळ्यात छान उदाहरण चिगरांचं. २००५ मध्ये शाओ आणि सहकाऱ्यांनी लेप्टोट्रॉम्बिडियम पॅलिडमचा जीनोम वाचला. त्यात मोठ्या आर-आरएनएची जादा प्रत, लहान आर-आरएनएचं निकामी झालेलं एक जनुक आणि तीन जादा रिकामे (जनुक नसलेले) पट्टे सापडले. पुढच्याच वर्षी त्यांनी अकामुशी, डेलिएन्स आणि फ्लेचेरी या आणखी तीन प्रजाती तपासल्या. मांडणी चौघांची सारखी, फरक फक्त एका टी-आरएनएच्या जागेचा. पण जादा आर-आरएनए त्या तिघांत नाही आणि जादा रिकामा पट्टा एकेकच. यावरून पॅलिडमचा प्रकार त्या तिघांसारख्या प्रकारातून निघाला, असा त्यांचा निष्कर्ष. एकट्या पॅलिडमकडे पाहून हे कधीच कळलं नसतं. म्हणून तुम्हाला काही विचित्र सापडलं तर त्याच वंशातल्या निदान एका भावंडाचा जीनोम पाहिल्याशिवाय उत्क्रांतीची दिशा सांगू नका.

सराव म्हणून अकामुशी आणि पॅलिडमच्या फाइली उतरवून दोन्हींची मांडणी कागदावर शेजारी शेजारी लिहा. क्रेक्स हे साधन एका मांडणीतून दुसरीत जायच्या संभाव्य पायऱ्या सुचवतं. पण कागदावर केल्याशिवाय ते काय बोलतंय हे समजत नाही.

पायरी ८: वंशवृक्ष

इथे थोडक्यात, कारण वंशवृक्षांवर इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे. प्रथिन-जनुकं अमिनो आम्लांत भाषांतरित करून माफ्टनं जुळवा, मग अक्षरं त्यावर बसवा. कोडॉनचं तिसरं अक्षर दूरच्या नात्यांसाठी वगळा. आयक्यू-ट्रीनं झाड काढा.

माइटचा खास धोका असा की काही वंश फार वेगानं बदलतात, आणि झाडात अशा लांब फांद्या नातं नसतानाही एकमेकींना चिकटतात. मायटोकॉन्ड्रियाच्या क्रमांवर काढलेल्या झाडांत अ‍ॅकॅरिफॉर्मिस माइट आणि आभासी विंचू असे शेजारी आलेले दिसतात. भर म्हणून, जनुक एका धाग्यावरून दुसऱ्यावर गेलं किंवा नियंत्रण क्षेत्र उलटलं की अक्षरांचं प्रमाणही बदलतं, आणि तेवढ्यानं खोटी जवळीक दिसते. काही कोळी आणि विंचवांत हे चांगलं अभ्यासलेलं आहे. उपाय: प्रत्येक जनुकाचा जी-सी कल (एका धाग्यावर जी आणि सी यांतलं कोणतं अक्षर किती जास्त) मोजा, सगळ्यात वेगवान प्रजाती काढून झाड पुन्हा काढा, आणि जागोजागी वेगळा बदल-दर मानणारं मॉडेल वापरा. तरीही फांदी जागेवरून हलली नाही तर तिच्यावर थोडा भरवसा ठेवता येईल. १०० पैकी १०० पाठिंबा हा आकडा भरवशाचा नाही. चुकीच्या झाडालाही तो मिळतो.

आणखी एक मर्यादा, व्हरोआच्या घरगुती भानगडीतून. मादी माइट मधमाशीच्या पिल्लाच्या घरात शिरते, आधी अफलित अंड्यातून एक नर आणि मग माद्या वाढवते. घर बंद असतानाच भाऊ-बहिणींचं मीलन होतं. एका घरात दोन माद्या शिरल्या तर मात्र संकर होऊ शकतो. अशा संकरातून आलेल्या मुलीकडे मायटोकॉन्ड्रिया आईचाच. म्हणजे सीओआयवर ‘कोरिया’ असं उमटलं तरी केंद्रकात निम्मं दुसऱ्याचं असू शकतं. संकर, औषधप्रतिकार किंवा बापाकडून आलेलं काहीही तपासायचं असेल तर केंद्रकातली जनुकं हवीतच.

पायरी ९: जमा करणं

जीनोम जेनबँकेत आणि मूळ तुकडे एसआरएमध्ये (एनसीबीआयच्या कच्च्या तुकड्यांच्या भांडारात), दोन्ही द्या. फक्त जोडलेला जीनोम दिला तर पुढच्याला तुमची जोडणी तपासता येत नाही. मेटासियुलसची हकीकत आठवा. नोंदीत यजमानाचं पूर्ण नाव, गाव-तालुका आणि स्लाइडवर ठेवलेल्या कवचाचा क्रमांक लिहा. हातानं शोधलेल्या टी-आरएनएपुढे तसं नमूद करा. प्रबंध सादर होईपर्यंत नोंद गुप्त ठेवायची सोय आहे, तारीख देता येते.

नोंदीत पुढे चूक सापडली तर ती दुरुस्त करायला जमा करणाऱ्याकडूनच विनंती जावी लागते. म्हणून संपर्कासाठी कॉलेजचा ईमेल देऊ नका. पदवी हातात पडली की तो वर्षभरात बंद होतो. कायम चालणारा पत्ता द्या, आणि मार्गदर्शकाचाही जोडीला टाका.